बुटातला पेंढा

जामसंड्याला घरी गेलं की पहिली तपासणी आजीची. वजन, केस, डोळ्यांखालची वर्तुळं, याच क्रमाने. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र ती थेट पायांवर आली. मी आंघोळ करून पडवीत पाय पसरून बसले होते. नेलपॉलिश लावून दोन महिने ऑफिसपासून लपवलेलं गुपित उघडं पडलं. उजव्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर!

“काय गो, पायाक काय झाला तुझ्या? धोंडो पडलो काय?”

“नाही गं. बूट लागला.”

“बूट? तो बूट होतो काय वरवंटो?”

आता आजीला काय सांगणार? फेब्रुवारीत मी गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले होते. सहा महिने सुट्ट्या साठवल्या, दिवाळीचा बोनस खर्च केला, मॅनेजरला मस्का मारला. आणि सात दिवसांच्या ट्रेनिंगमधले चार दिवस मी हॉटेलच्या खोलीत कोमट पाण्याच्या बादलीत पाय घालून बसले. बर्फाची भीती नव्हती, थंडीचं टेन्शन नव्हतं, पडायला तर मी एक्स्पर्ट होते. मला हरवलं ते बुटांनी. बॅचमधली बाकीची मंडळी तिसऱ्या दिवशी वळणं घेत खाली येत होती आणि मी खिडकीतून टाळ्या वाजवत होते. परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, ‘एन्जॉय केलं यार, सॉलिड!’ खोटं.

म्हणून या वेळचा कॉलम स्कीच्या बुटांवर. खरं तर बुटांवरही नाही, बुटाच्या आत जे असतं त्यावर. कोकणातल्या मुलीने बर्फातल्या बुटावर लिहावं हा विनोद आहे हे मान्य. पण आमच्या देवगडकडच्या लोकांना ही गोष्ट बाकी कुणाहीपेक्षा लवकर कळते, हे मला त्याच पडवीत बसून कळलं. ते कसं, ते येतंच पुढे.

आधी स्कीचा बूट म्हणजे काय प्रकार असतो ते. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, त्याला म्हणतात शेल. आत काढता-घालता येणारा मऊ बूट, तो लायनर. लायनरच्या तळाशी एक पट्टी, ती फुटबेड. बकल लावली की घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय जवळजवळ जायबंदी! आणि ते मुद्दाम असतं. तुम्ही नडगी पुढे दाबली की ती हालचाल बुटातून थेट खालच्या पट्टीपर्यंत पोचायला हवी. पाय आत हलला तर पट्टी ऐकत नाही. म्हणजे स्टीअरिंग फिरवलं आणि चाकं अर्ध्या सेकंदाने वळली, तर कसं वाटेल?

पूर्वी हे बूट चामड्याचे असायचे, नाडीवाले. चामडं पायाचं ऐकतं. कोल्हापुरी आठवा. पहिले आठ दिवस ती करकरते, चावते, अंगठ्याजवळ सोलवटून काढते. आपण तेल लावतो, पुन्हा घालतो, आणि एक दिवस ती अशी होते की दुसऱ्या कुणाच्या पायात घातली तर त्याला लागेल. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे स्की बूट बाजारात आणले आणि खेळच बदलला. प्लास्टिक ताकद पोचवतं, पाणी पित नाही, सैलावत नाही. पण पायाचं ऐकतही नाही. तेल लावा नाही तर लोणी, ते होतं तसंच राहतं. म्हणून चामडं जे काम करायचं ते आतल्या लायनरवर येऊन पडलं.

आता माझं काय चुकलं ते सांगते, कारण ही चूक भाड्याने बूट घेणारे दहातले आठ तरी जण करत असावेत असं मला वाटतं.

दुकानातल्या भाईंनी विचारलं, “नंबर?” मी म्हटलं, “सहा. पण माझे पाय रुंद आहेत हां.” त्यांनी एक बूट दिला. घातला, बोटं समोर टेकली, मी ‘उई’ केलं. त्यांनी लगेच मोठा दिला. तो एकदम मऊ, ऐसपैस, जणू सोफा. मी खूश, भाई खूश. वर मी दोन जाड लोकरी मोजे चढवले, थंडी आहे ना बॉस!

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी उतारावर टाच बुटात वर-खाली व्हायला लागली. मग मी बकल आवळली. बकलांनी पायाची वरची बाजू दाबली, बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं गार पडली, मग कळेनाशीच झाली. तरी टाच हलतच होती. आणि दर वेळी थांबताना पाय बुटात पुढे सरकून अंगठा प्लास्टिकच्या भिंतीवर आपटायचा. दिवसातून दोनशे वेळा. नखाखाली रक्त साकळलं ते तिथे.

म्हणजे बघा, घट्ट बुटाने मला मारलं नाही. सैल बुटाने मारलं! हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

तर त्या एप्रिलमध्ये मी आजीला हे सगळं सांगत होते आणि पडवीच्या पलीकडे, खळ्यात, बाबा पेट्या भरत होते. सीझन ऐन भरात होता. देवगड हापूसवाल्या घरात एप्रिल-मे महिन्यांत कुणालाही गप्पा मारायला वेळ नसतो, तुम्ही गुलमर्गहून आलात काय किंवा चंद्रावरून. लाकडी पेटी, तळाला पेंढा, त्यावर फळांचा थर, मध्ये पुन्हा पेंढा, वर पुन्हा थर. मोठं फळ असेल तर पेटीत चार डझन, त्याहून लहान असेल तर पाच, सहा. पेटी तीच. बदलतो तो फळाचा आकार आणि त्याप्रमाणे पेंढा. बाबा एकीकडे ऐकत होते, एकीकडे भरत होते. माझं संपल्यावर हातातलं काम न थांबवता म्हणाले,

“फळ हलला काय डागलाच. पेटी मोठी घेतलंस, पेंढो कमी पडलो. आनि काय?”

मी गप्प! सात दिवस, एवढे पैसे, एक नख, आणि निदान झालं खळ्यात. फुकटात.

मग त्यांनी हातातली पेटी पुढे केली. “आनि जास्त पेंढो कोंबलंस तरी वायटच. फळ चेपता.” पेंढा इतकाच हवा की फळ हलूही नये आणि दबूही नये, वाशी मार्केटला पोचेपर्यंत. ट्रक खड्ड्यांतून जाणार, पेटी पेटीवर चढणार, सगळं धरून. लायनर निवडण्याचा अख्खा फंडा यात आहे. पुढे मी जे काही शिकले ते सगळं याच्याच तळटिपा.

त्या डिसेंबरमध्ये नशीब फळफळलं. तीन महिन्यांचं ऑनसाइट, आणि तेही व्हँकुव्हरला. शहरातून मान वर केली की डोंगरावर स्कीचे दिवे दिसतात. ऑफिस सुटल्यावर लोक बस पकडून ग्राउस माउंटनला जातात, जसे आपण चहाला जातो. दोन-अडीच तासांवर व्हिसलर, जिथे २०१० च्या ऑलिंपिकच्या उतारावरच्या शर्यती झाल्या. राहायला आतेभावाकडे. दादा तिथे पंधरा वर्षं आहे आणि एकदाही स्कीवर उभा राहिलेला नाही, त्याचं त्याला काही वाटतही नाही. वहिनी मात्र म्हणाली, “या वेळी बूट नीट घे. रडत आलीस तर बादली मिळणार नाही.”

आणि योगायोग असा की ज्या लायनरचं नाव स्कीवाले सगळ्यात जास्त घेतात ते ‘इंट्यूशन’ याच शहरातलं.

मी एका बूटफिटरकडे गेले. हा एक वेगळाच व्यवसाय आहे, अर्धा चांभार, अर्धा फिजिओ. त्याने नंबर विचारलाच नाही. मला अनवाणी उभं केलं, टाच मागे टेकवून पायाची लांबी मोजली. २४.३ सेंटीमीटर. स्की बुटाचा साइज म्हणजे सरळ हीच लांबी, सेंटीमीटरमध्ये. त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. ब्रिटिश सहा, युरोपियन एकोणचाळीस असली भानगड नाही. हे तुम्ही घरी करू शकता. भिंतीला टाच लावा, खाली कागद ठेवा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा, पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं करा, कारण एक पाय थोडा मोठा असतोच. वजन पायावर टाकून मोजा, बसून नाही.

गुलमर्गमध्ये माझ्या बुटावर काय आकडा होता ते मला फोटो झूम करून सापडलं. २६.५! म्हणजे पायापेक्षा दोन सेंटीमीटरहून जास्त. आरामासाठी बूट उघडाच दोन सेंटीमीटर लांब आणि शिवाय रुंदही. सोफाच तो.

इथे एक बारीक गंमत आहे. बहुतेक कंपन्या शेल पूर्ण नंबरातच बनवतात. २४ आणि २४.५ चं शेल बहुधा एकच, फरक आतल्या पट्टीत किंवा लायनरमध्ये. त्यामुळे ‘अर्धा नंबर मोठा द्या’ म्हटलं तर प्रत्यक्षात काहीच बदलत नाही किंवा मग एकदम पूर्ण नंबर वाढतो.

मग त्याने लायनर बाहेर काढला आणि म्हणाला, रिकाम्या शेलमध्ये पाय घाल. उघडा पाय, नुसतं थंड प्लास्टिक. बोटं पुढे हलकेच टेकवायची, गुडघा वाकवायचा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दीड ते दोन बोटं मावली, म्हणजे साधारण १५ ते २० मिलिमीटर, की साइज बरोबर. रेस करणारे याहून कमी ठेवतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ. तीन बोटं मावली तर तो बूट परत द्या, आतून कितीही गुबगुबीत वाटला तरी. हीच एक गोष्ट या लेखातून लक्षात ठेवली तरी पुरे. कुठल्याही भाड्याच्या दुकानात ही टेस्ट करता येते, पैसे पडत नाहीत, फक्त दुकानदार तुमच्याकडे जरा विचित्र बघतो.

रुंदीचं प्रकरण माझ्यासाठी नाजूक. आमच्याकडे सगळ्यांचेच पाय पुढून पसरलेले. कातळावर अनवाणी नाहीतर स्लीपर घालून वाढलेले पाय ते, बोटं एकमेकांपासून फटकून, प्रत्येकाचा वेगळा संसार. कॉलेजात असताना मला याची लाज वाटायची, टोकदार सँडल्स घालून मी ती लाज वाढवून घ्यायचे. तर २००९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या माणसांचे पाय मोजले होते. ते बूट घालणाऱ्यांच्या पायांपेक्षा रुंद निघाले आणि चालताना त्यांच्या तळव्यांवर दाब जास्त समान पसरलेला दिसला. म्हणजे बिघाड पायात नाही, बुटात आहे! मी हे वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, “आमका म्हायत होता.”

असो. स्की बुटावर रुंदीही लिहिलेली असते, ९८, १००, १०२ मिलिमीटर वगैरे. फक्त तो आकडा साधारणपणे २६.५ च्या बुटाचा असतो. बूट लहान, तर रुंदीही त्या प्रमाणात कमी. म्हणून १०२ चं शेल घेऊनही माझ्या करंगळीच्या मुळाशी प्लास्टिक टोचत होतं. त्यावर फिटरने लायनर बदलला नाही. त्याने शेल त्या जागी गरम करून आतून बाहेर ढकललं. याला पंच करणं म्हणतात. हाड प्लास्टिकला टोचत असेल तर कितीही महागडा लायनर ते सोडवू शकत नाही. खिळा वर आलेल्या पेटीत पेंढा वाढवून काय होणार? खिळा ठोकायला हवा.

आता लायनर. बुटाबरोबर एक लायनर येतोच, तो वाईटच असतो असं नाही. पण स्वस्त बुटांत आणि भाड्याच्या बुटांत तो साध्या फोमचा असतो, वापरून वापरून दबतो आणि पुन्हा फुलत नाही. भाड्याच्या बुटात तर तो तुमच्याआधी शंभर पायांना भेटलेला असतो. म्हणून लोक वेगळा लायनर विकत घेतात. आणि इथे दुकानात जी व्हरायटी दिसते ती बघून डोकं गरगरतं, पण मुळात प्रकार तीनच.

पहिला, गरम करून पायाचा साचा घेणारा फोम. इंट्यूशन, फ्रान्सचा पालाऊ हे या घराण्यातले. हा बंद पेशींचा फोम, म्हणजे आतले हवेचे फुगे एकमेकांना जोडलेले नसतात. त्यामुळे पाणी शोषत नाही, वजनाला हलका आणि ऊबदार. दुसरा, झिपफिट. यात घोट्याभोवती बुचाच्या बारीक कणांचा लगदा भरलेला असतो आणि तो पायाच्या उबेने हळूहळू जागा शोधत बसतो. दणकट, वर्षानुवर्षं चालणारा, वजनदार आणि फोमच्या दुप्पट किमतीचा. रोज स्की करणारे इन्स्ट्रक्टर त्याच्या आरत्या ओवाळतात. तिसरा, पाय आत असतानाच द्रव फोम पंपाने भरायचा. एकदम फिट्ट बसतो, पण चुकलं तर चुकलं, पुन्हा गरम करून सुधारता येत नाही. मला विचाराल तर आपल्यासारख्या वर्षातून आठवडाभर बर्फ बघणाऱ्यांनी पहिल्याच्या पुढे जाऊ नये. तोही साधारण दोनशे-अडीचशे अमेरिकी डॉलरच्या घरात जातो. रुपयांत गुणाकार मी एकदाच केला. नंतर करायचा नाही असं ठरवलं.

पहिल्यातही दोन तऱ्हा. एकात पुढे नेहमीच्या बुटासारखी जीभ असते. दुसऱ्यात जीभ नसते, दोन्ही बाजू एकमेकींवर येतात, शाल गुंडाळल्यासारख्या. त्याला रॅप म्हणतात. रॅप नडगीवर एकसारखा बसतो, अंमळ जास्त ऊबदार, जरा जास्त ताठ. जीभवाल्यात पाय घालणं-काढणं सोपं आणि घोटा वाकतो तो टप्प्याटप्प्याने. ज्यांची नडगी बारीक आहे, बुटाच्या वरच्या भागात जागा उरते, त्यांना रॅप बरा. माझ्या पायाची वरची बाजू उंच, पोटरी खाली आलेली. बऱ्याच बायकांची पोटरी पुरुषांपेक्षा खालून भरायला लागते, त्यामुळे बुटाची वरची कड तिथे रुतते. मला जीभवाला दिला, तोही उंचीला थोडा बुटका.

आणि मग जाडी. लो, मीडियम, हाय. मी अर्थातच हायवर हात ठेवला. जाड म्हणजे मऊ, मऊ म्हणजे आराम, नाही का? फिटरने तो माझ्या शेलमध्ये घालून दाखवला. पाय आत जायलाच तयार नाही. गेला असता तरी दोन तासांत बधिर झाला असता. जाडी पायाच्या लाडावर ठरत नाही, शेल आणि पाय यांच्यामध्ये उरलेल्या जागेवर ठरते. मला खळं आठवलं. चार डझनाच्या फळाला सहा डझनाचा पेंढा कोंबायचा नाही. मी निमूटपणे मीडियम घेतला.

एक पैसे वाचवणारी सूचना. फिटरने लायनरच्या आधी फुटबेड बदलायला लावला, म्हणजे तळव्याच्या कमानीला आधार देणारी चांगली पट्टी. कमान खचली की पाय लांब आणि रुंद होतो, मग सगळी मापं चुकतात. कित्येकांची तक्रार एवढ्यानेच जाते, लायनर घ्यावाच लागत नाही. आणि पट्टी भाड्याच्या बुटातही घालता येते, बॅगेत मावते.

आता तो सोहळा. लायनर भट्टीत! साधारण १२० अंश सेल्सिअसला दहाएक मिनिटं. तोवर माझ्या पायाची तयारी सुरू होती. बोटांवर एक जाड टोपी चढवली, कापलेल्या मोज्यासारखी, म्हणजे साचा घेताना बोटांपुढे हलायला जागा राहील. घोट्याच्या हाडांवर आणि करंगळीच्या त्या कुप्रसिद्ध जागेवर फोमचे छोटे तुकडे चिकटवले. जिथे टोचतं तिथे आधीच जास्त जागा मागून ठेवायची, हा हिशोब. वरून एकच पातळ मोजा. हो, एकच पातळ. दोन जाड मोजे घातले की ते आत गोळा होतात, घाम धरतात आणि पाय आणखी गार पडतो. गुलमर्गच्या माझ्या आत्म्याला शांती लाभो.

लायनर बाहेर आला तेव्हा तो फुगलेला, लुळा, आणि वास नव्या स्लीपरसारखा. भराभर शेलमध्ये कोंबला, शेल फाकवून मी पाय घातला, टाच दोनदा जमिनीवर मागे आपटली. गरम! चटका नाही, पण ताज्या भाकरीवर हात ठेवल्यासारखी ऊब, चारही बाजूंनी. बकल आधी अगदी हलकी, मग एक-एक दात पुढे. बोटांखाली लाकडी ठोकळा, म्हणजे टाच मागच्या खोबणीत जाऊन बसते. आणि आता दहा-पंधरा मिनिटं पुतळा. गुडघे जरा वाकवून उभं राहायचं, चालायचं नाही, बोटं हलवायची नाहीत. फोम पसरत असतो तिथे जागा असते तिकडे, आणि जिथे पाय दाबतो तिथे पातळ होतो. गार झाला की तसाच राहतो. अंगठा, घोटा, टाच, सगळ्यांची नोंद.

आणि मी काय केलं? फोन वाजला, ऑफिसचा, पुण्याहून, तिकडे मध्यरात्र. तो मागच्या टेबलावर. मी वळले. नुसती कमरेतून वळले असते तर चाललं असतं, मी पायाने वळले. फिटरने “नो नो नो” केलं, पण झालं ते झालं. डाव्या लायनरच्या जिभेत एक घडी पडली, साडीच्या चुणीसारखी. दुकानात ती कळली नाही. ग्राउसवर तिसऱ्या फेरीत कळली.

आनंदाची गोष्ट अशी की या फोमला दुसरी संधी असते. पुन्हा गरम केला की तो मागचं विसरतो आणि नवा साचा घेतो. दोन-चार वेळा तरी चालतं. आणि दुकान बंद असेल तर स्कीवाल्यांची एक जुनी घरगुती युक्ती आहे. तांदूळ! लांब मोज्यात कच्चे तांदूळ भरायचे, वर गाठ मारायची, मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत गरम करायचे आणि लायनरच्या आत बोटांपर्यंत ठासून बसवायचे. थोड्या वेळाने काढून पुन्हा तापवून पुन्हा भरायचे. लायनर आतून मऊ झाला की तांदूळ बाहेर, पाय आत.

रविवारी संध्याकाळी वहिनीच्या किचनमध्ये प्रयोग झाला. “बासमतीला हात लावायचा नाही,” ती पहिल्यांदाच म्हणाली. कोलम मिळाला, दोन किलो. घरभर भाजलेल्या तांदळाचा वास. दादा आतून विचारतोय, “तांदळाच्या पिठाचं काही करताय का?” आणि मला एकदम आजीची मिठाची पोटली आठवली. पाय मुरगळला की ती तव्यावर जाड मीठ तापवून फडक्यात बांधून शेकायची. तिकडे पाय शेकतात, इकडे बूट, एवढाच फरक. या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. पंधरा मिनिटं मी ओट्याला धरून उभी, वहिनी समोर खुर्ची टाकून बसली आणि आम्ही तिच्या सासूबद्दल, म्हणजे माझ्या आत्याबद्दल, मनसोक्त बोललो. घडी गेली.

हे करणार असाल तर मायक्रोवेव्हसमोरून हलू नका, तांदूळ आतून करपतो आणि कळत नाही. हात लावून खात्री करूनच पाय घाला. मधुमेह असेल, पाय बधिर होत असतील तर हा घरगुती खेळ अजिबात नको, भाजलेलं कळणार नाही. दुकानातच जा.

पुढच्या शनिवारी मी व्हिसलरला पाच तास स्कीवर होते. पडले अकरा वेळा, दादाने मोजायला सांगितलं होतं. पण प्रत्येक पडणं माझं होतं, बुटाचं नव्हतं. टाच हलली नाही. बोटं शेवटपर्यंत माझ्याच मालकीची होती. आणि दुपारी केव्हातरी एक वळण असं आलं की मी नडगी नुसती पुढे दाबली आणि पट्टी वळली. मागून नाही, तेव्हाच. मी तिथेच थांबून एकटीच हसत बसले. मागून आलेला सहा वर्षांचा मुलगा वळसा घालून निघून गेला.

आता तुमचा प्रश्न. हे सगळं करायचं का? आयुष्यात पहिल्यांदा गुलमर्ग किंवा औलीला जात असाल तर नाही, बिलकूल नाही. भाड्यानेच घ्या. फक्त सेंटीमीटरमध्ये माप पाठ करून जा, लायनर काढून बोटांची टेस्ट करा, घट्ट वाटला म्हणून घाबरू नका, एकच पातळ मोजा घाला, जमलं तर स्वतःचा फुटबेड न्या. आणि पहिल्याच दिवशी दुखलं तर संध्याकाळीच बूट बदलून घ्या. माझ्यासारखी ‘होईल सवय’ म्हणत बसू नका, कारण प्लास्टिकची सवय होत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण दुकानदाराला सांगितलं तरच. दुसऱ्यांदा जाऊन वेड लागलं तर बूट स्वतःचे घ्या, शेल बरोबर मापाचं. लायनर तिसऱ्या टप्प्यावर. आणि तो घ्यायचा तर जिथे फिटर आहे तिथे, ऑनसाइटला गेलात, लेकीकडे-भावाकडे गेलात की. कुरिअरने मागवून बेडरूममध्ये तापवायचा उद्योग नवशिक्याने करू नये. मीडियम की लो हे फोटो बघून ठरत नाही.

माझे बूट आता जामसंड्यालाच असतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि देवगडच्या दमट हवेत लायनर शेलमध्ये ठेवले तर बुरशी येईल म्हणून ते काढून वेगळे ठेवायचे, हे आईला सांगून ठेवलंय. या एप्रिलमध्ये गेले तर दोन्ही लायनर पडवीच्या दोरीवर, मिरच्यांच्या शेजारी. नख जवळपास सगळं नवीन आलंय, टोकाला नुसती एक काळी रेघ. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं म्हणे.

आजीने एक लायनर खाली काढला, आत हात घातला आणि टाचेच्या खळग्यात बोटं फिरवली. पेटीतून फळ उचललं की पेंढ्यात जसा खड्डा राहतो, अगदी तसा. तिने तो बाबांना दाखवला. बाबांनी पेटी बाजूला ठेवली, जे ते एप्रिलमध्ये कुणासाठीच करत नाहीत, आणि लायनर उलटसुलट करून बघितला. किंमत विचारली. मी सांगितली.

“आनि परत गरम केला काय नवो खड्डो?”

“हो.”

बराच वेळ त्यांनी तो हातातच धरून ठेवला. मग परत देत म्हणाले, “एका डझनाक एक असो पेंढो परवडाचो नाय.”